ऊस गोड लागला म्हणून...

‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ ही गुजराती म्हण आमच्या वाचकांच्या कानांवरून पुष्कळदा गेली असेल. जेवण घडावे ते सुरतेस आणि मरण यावे ते काशीस, असा तिचा भावार्थ. मराठी माणसास सुरत म्हटले की प्रथम आठवतात ती १६६४ आणि १६७० ही साले. परंतु चार दशकांहून अधिक काळ या नगरीचे अन्न खाल्ल्यानंतर आम्हांस तरी ती म्हणच अधिक जवळची वाटू लागली आहे. सुरतेच्या हिवाळ्याची तर गोष्टच निराळी. कतारगामच्या पापडीवाचून उंधियूं नाही, आणि पोंकावाचून हिवाळा नाही, असे येथील जुने लोक म्हणतात.

पोंक म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपला हुरडा होय. डिसेंबरात थंडी पडू लागली की तापीच्या पलतीरी, अडाजणच्या बाजूस पोंकाची दुकाने मांडली जातात. ज्वारीची कोवळी कणसे निखाऱ्यांवर भाजावयाची, ती कापडात गुंडाळून काठीने झोडपावयाची आणि निघालेले हिरवेगार दाणे लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर खावयाचे, असा हा थाट. सुरतेत पहिल्या वर्षी वडिलांनी आम्हांस तेथे नेले तेव्हा त्या धुराचा वास येताच त्यांचे डोळे पाणावले होते, हे आम्हांस स्पष्ट आठवते. गावाकडच्या गोवऱ्यांच्या आगटीचा वास तो हाच. पुढे मराठी वाचन वाढले तेव्हा असे कळले की, महाराष्ट्रात हुरड्यासाठी जी वाणे नावाजली जातात त्यांत गूळभेंडीच्या जोडीने ‘सुरती’ हे एक वाण आहे. म्हणजे ज्या नगरीत आम्ही परके म्हणून आलो, तिचे नाव आमच्या हुरड्याला आधीपासूनच लागलेले होते!

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब पोंक घेण्यास गेलो असता सहज विक्रेत्यास विचारले, “ज्वारी कुठली? हजिऱ्याची की ओलपाडची?” तो हसला. “मास्तरसाहेब, हजिऱ्याला आता कारखाने आहेत आणि इकडे सगळा ऊस. हा माल करजणच्या बाजूचा आहे.” करजण म्हणजे वडोदरा जिल्हा. सुरतेचा पोंक आता शंभर किलोमीटर पलीकडून सुरतेस येतो, आणि किलोस कित्येक शंभर रुपये मोजून आपण तो घेतो. जी ज्वारी एके काळी येथल्या गरिबाची भाकरी होती, ती आता येथल्या श्रीमंताची चैन झाली आहे. हे कसे घडले, याचा विचार त्या दिवसापासून आमच्या मनात सुरू झाला, आणि त्याचेच फलित म्हणून हा लेख वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वर्गातील कणीस

आमच्या शाळेतील बहुसंख्य मुले खानदेशी कुटुंबांतील आहेत. कुणाचे वडील यंत्रमागावर, कुणाचे डाइंगमध्ये, तर कुणाची आई घरी बसून साड्यांना टिकल्या लावण्याचे काम करते. पोंकाच्या दुकानातून आम्ही एक अख्खे कणीस मागून घेतले होते, ते दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात नेले आणि ‘हे काय आहे?’ असा प्रश्न विचारला. बराच वेळ कोणी बोलेना. एकाने मका सांगितला, दुसऱ्याने बाजरी. अखेर मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहून म्हणाली, “सर, ही दादर आहे. आमची आजी गावाला लावते.”

दादर हा शब्द ऐकून आम्हांस जो आनंद झाला तो शब्दांत सांगणे कठीण आहे. खानदेशात तापीकाठच्या काळ्या, खोल जमिनीत रब्बीच्या हंगामात जी ज्वारी घेतात, तिला दादर म्हणतात. पावसाळ्याने जमिनीत मुरवून ठेवलेल्या ओलाव्यावर ती वाढते; वरून पाणी देण्याची तिला फारशी गरज नसते. तिची भाकरी पांढरीशुभ्र आणि गोड. तीच ज्वारी उडदाबरोबर दळली की कळण्याची भाकरी, आंबवून वाळवली की बिबडे. भरताचे वांगे आणि मिरचीचा ठेचा यांची जोडही याच भाकरीला. खानदेशी माणसाची ओळख जिने घडवली ती ज्वारी चाळीस मुलांपैकी एका मुलीस ठाऊक असावी, आणि तीही आजीमुळे, ही गोष्ट आम्हांस मराठी भाषेच्या परीक्षेत अख्खा वर्ग नापास व्हावा इतकी लागली.

दोष अर्थातच मुलांचा नाही. शिधापत्रिकेवर त्यांच्या घरी येतात ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. बारा-बारा तासांच्या पाळीवरून परतलेल्या माणसास भाकरी थापीत बसण्यास सवड नाही. आमच्याही घरी मातोश्री होत्या तोवर रोज भाकरी असे. त्यांच्या पश्चात ती रविवारवर आली आणि पुढे सणावारी. म्हणून कणीस दाखवून मुलांस प्रश्न विचारताना, आम्ही आपणांसही तोच प्रश्न विचारीत होतो.

एकाच नदीची दोन टोके

वाचकांपैकी जे इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा वा तंजावर येथे राहतात त्यांच्यासाठी येथील भूगोल थोडक्यात सांगणे अवश्य आहे. तापी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून सुरतेपाशी समुद्रास मिळते. वाटेत तिला पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या नद्या येऊन मिळतात. म्हणजेच जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांचे पाणी वाहत वाहत शेवटी सुरतेसच येते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी खोऱ्यातून लोहमार्ग झाला आणि पाण्यामागोमाग माणसेही त्याच दिशेने वाहू लागली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आमचे वडील याच मार्गाने, भुसावळ-सुरत पॅसेंजरने येथे आले. लिंबायत, उधना, दिंडोली, नवागाम या भागांत आज जो मराठी संसार फुलला आहे, तो बव्हंशी याच मार्गाने आलेला आहे.

खानदेशात पडलेला पाऊस सुरतेच्या घरात शिरतो, हे ऑगस्ट २००६ च्या महापुरात आम्ही कमरेइतक्या पाण्यात उभे राहून अनुभवले. तेव्हा तापीच्या वरच्या टोकाला काय पेरले जाते आणि खालच्या टोकाला काय खाल्ले जाते, या दोन गोष्टी परस्परांपासून निराळ्या नाहीत.

कालवा आला

दक्षिण गुजरातच्या या काळ्या मातीत पूर्वी ज्वारी, कापूस, तूर, वाल ही पिके असत. बारडोलीच्या ज्या शेतकऱ्यांनी १९२८ साली सारावाढीविरुद्ध सत्याग्रह केला, ते शेतकरीही मुख्यतः पावसावर विसंबून असणारेच होते. स्वातंत्र्यानंतर तापीवर काकरापारचा बंधारा झाला. १९५०च्या दशकात त्याचे कालवे वाहू लागले. त्यानंतर १९७२ साली वरच्या अंगास उकाईचे प्रचंड धरण पुरे झाले. त्या जलाशयाखाली दीडशेहून अधिक गावे गेली. त्यांत बहुतांश वस्ती आदिवासींची होती, आणि काही गावे आपल्या धुळे जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या नंदुरबारमधील होती, हे विसरता येत नाही.

कालव्याने समृद्धी आणली, ही गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. बारमाही पाणी आले, त्याबरोबर ऊस आला आणि उसाबरोबर सहकारी साखर कारखाने आले. १९५५ साली बारडोलीस स्थापन झालेला सहकारी कारखाना देशातील मोठ्या कारखान्यांत गणला जाऊ लागला. पाठोपाठ गणदेवी, मढी, चलथाण, सायण येथेही धुराडी उभी राहिली. शेतकऱ्याच्या मातीच्या घराचे पक्के घर झाले, मुले शिकली, काहींनी परदेश गाठला. महाराष्ट्रात प्रवरेच्या काठी जे घडले तेच येथे तापीच्या काठी घडले. शेतकऱ्याने जो हिशेब मांडला तो चुकीचा होता, असे म्हणण्याचे धाडस पगारी नोकराने तरी करू नये. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा दर टनास ३,५५० रुपये आहे, आणि संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये. हेक्टरी सत्तर टन ऊस धरला तर अडीच लाखांच्या घरात रक्कम जाते. हेक्टरी दहा क्विंटल ज्वारी धरली तर ती सदतीस हजारांपाशी थांबते. शिवाय उसाला कारखाना हे ठरलेले गिऱ्हाईक असते. मग ज्वारी कोण आणि का पेरील?

परंतु या हिशेबाच्या वहीत दोन रकाने कोरे राहिले आहेत. एक पाण्याचा आणि दुसरा मातीचा.

पाण्याचा आणि मातीचा रकाना

पाण्याचे पाहू. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शक आकड्यांनुसार उसाला त्याच्या हंगामात १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते, तर ज्वारीला ४५० ते ६५०. आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही हे गणित असे करून दाखवतो: एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. तेव्हा दोन हजार मिलिमीटर धरले तर हेक्टरभर उसाला दोन कोटी लिटर, आणि पाचशे मिलिमीटर धरले तर तेवढ्याच ज्वारीला पन्नास लाख लिटर. सुरत जिल्ह्यात पाऊस चांगला, सरासरी हजार-बाराशे मिलिमीटर. पण तो चार महिन्यांत पडून जातो आणि ऊस तर वर्षभर उभा. उरलेल्या आठ महिन्यांची त्याची तहान कालव्याने भागवावी लागते.

आता मातीचे. येथील काळी माती चिकण. तिच्यातून पाणी सहजासहजी खाली निचरत नाही. सरीत पाणी सोडून दिले, कालव्यातूनही ते पाझरत राहिले, की जमिनीच्या पोटातील पाण्याची पातळी वर्षानुवर्षे वर चढत जाते. ती पृष्ठभागापासून हात-दीड हातावर आली की काय होते, हे समजण्यास देवापुढचे निरांजन पुरेसे आहे. वात जसे तेल वर ओढते, तशी माती खालचे पाणी वर ओढते. ऊन ते पाणी घेऊन जाते, आणि पाण्यात विरघळलेले क्षार मात्र मातीच्या तोंडाशी साचून राहतात. प्रथम पीक पिवळे पडते, मग उगवण विरळ होते, आणि शेवटी जमिनीवर पांढरा थर दिसू लागतो. उकाई-काकरापारच्या लाभक्षेत्रात, विशेषतः ओलपाड आणि चोर्यासी तालुक्यांच्या सखल भागांत, अशी पाणथळ आणि क्षारपड जमीन पुष्कळ झाली. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात नवसारीच्या कृषी शास्त्रज्ञांनी सेगवा व सिसोदरा येथे जमिनीखाली सच्छिद्र नळ्या पुरून निचऱ्याचे प्रयोग केले आणि ते उपकारक ठरले. पण नळ्या पुरावयास पैसा लागतो. एका बाजूने पाणी आणण्यासाठी खर्च करावयाचा, आणि दुसऱ्या बाजूने तेच पाणी घालवण्यासाठी पुन्हा खर्च करावयाचा, असा हा व्यवहार आहे.

महाराष्ट्रास हा अनुभव नवा नव्हे. १८८५ साली नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि बारामतीच्या परिसरात ऊस वाढला, तेव्हा काही काळाने तेथेही जमिनी फुगू लागल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर ‘ब्लॉक पद्धत’ सुचवली. या थोर अभियंत्याने १८८४ साली आपल्या नोकरीचा आरंभ केला तो नाशिक-खानदेशातच. त्या पद्धतीचे मर्म असे, की एका गावाने सगळे पाणी उसास पाजू नये. पाणी अनेक गावांत वाटावे, प्रत्येक गटात उसाला ठरावीक हिस्साच द्यावा, बाकीच्या जमिनीत कमी पाण्याची पिके घ्यावीत आणि पिकांची फेरपालट करावी. ऊस नको असे ते म्हणाले नाहीत. उसाला मर्यादा हवी असे म्हणाले. सव्वाशे वर्षांपूर्वीचे हे शहाणपण आपण पुढे वापरले असते, तर सांगली-कोल्हापूरकडची आणि सुरतेकडची कितीतरी जमीन आज पांढरी पडली नसती.

ज्वारी गेली म्हणजे तिच्यामागे कडबाही गेला. जनावरांस उसाचे वाढे मिळू लागले. नुसत्या वाढ्यांवर जनावर ठेवले तर त्यांतील ऑक्झालेटमुळे अंगातील चुना कमी होतो, म्हणून पशुवैद्य वाढ्यांना चुन्याची निवळी शिंपडण्यास सांगतात. तुरीवालाची जागा गेली, तेव्हा जमिनीला फुकट मिळणारा नत्रही गेला. तो पोत्यांतून विकत आणावा लागला. त्यातला जो पिकाच्या मुखी लागत नाही तो ओढ्यानाल्यांनी नदीत उतरतो, त्यात गावांचे सांडपाणी मिसळते, आणि उन्हाळ्यात सिंगणपोरच्या कॉजवेमागे साठलेल्या पाण्यावर जलपर्णीचा गालिचा पसरतो. हेच पाणी शुद्ध करून सुरत पिते.

कोयता

साखरेच्या या गोडव्यात आमच्या माणसांचा घाम मिसळलेला आहे, हेही सांगितले पाहिजे. दिवाळी झाली की खानदेशातून आणि डांगांतून ऊसतोडीची कुटुंबे बारडोलीच्या टापूत उतरतात. पतिपत्नीच्या जोडीला येथे ‘कोयता’ म्हणतात. माणसास अवजाराचेच नाव! मुकादमाकडून उचल घ्यावयाची, ती फेडण्यासाठी पाच-सहा महिने पालांत राहावयाचे, आणि हंगाम संपला की पुष्कळदा तसेच रिते परत जावयाचे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७८ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त बारडोलीच्या या तोडणी कामगारांची स्थिती मांडली, तेव्हा सहकाराच्या यशाची दुसरी बाजू देशापुढे आली. ज्या कोरडवाहू शेतात वर्षाची भाकरी पिकत नाही तेथून हे लोक निघतात, आणि जेथे भाकरीचे पीक उरलेच नाही तेथे येऊन साखरेचे पीक तोडतात. वर्गात दादर ओळखणारी ती मुलगी अशाच एका कुटुंबातील आहे. तिचे वडील आता मागावर लागले म्हणून ती शाळेत आहे. तिची चुलत भावंडे दिवाळीनंतर कोणत्या शाळेत असतात, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

चुलतबंधूंचे पत्र

इतके सर्व लिहून आम्ही लोकांस उपदेश केला असता आणि स्वस्थ बसलो असतो. परंतु गेल्या वर्षी एप्रिलात गावाहून आमच्या धाकट्या चुलतबंधूंचे पत्र आले आणि उपदेश करणे किती सोपे असते हे कळून चुकले.

आमचे गाव जळगाव जिल्ह्यात, यावलच्या बाजूस आहे. यावल-रावेर म्हणजे केळीचे माहेर. जळगावच्या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु केळ हीही उसाचीच बहीण, पाण्याची तितकीच हावरी. आमच्या लहानपणी जी विहीर मोटेवर चाले, तिला पुढे पंप बसला, मग कूपनलिका झाली, आणि त्या नळीची खोली दर काही वर्षांनी वाढत गेली. साऱ्या यावल-रावेर टापूत भूजल असे खाली गेलेले आहे. मे २०२५ मध्ये तापीच्या पुनर्भरण योजनेसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी करार केला तो याच चिंतेतून. बंधूंनी लिहिले होते की, जुनी नळी आटत आहे, नवी अधिक खोल घ्यावयाची आहे, त्यासाठी कर्ज काढावयाचे आहे, आणि शेत अद्याप सामाईक असल्यामुळे कागदावर आमची सही हवी.

आम्ही सुट्टीत गावी गेलो. दोन रात्री बोलणे झाले. ‘नळी खोल नेल्याने पाणी वाढत नाही, शेजाऱ्याचे पाणी आपल्याकडे येते इतकेच,’ असे आम्ही म्हणालो. ‘आणि शेजाऱ्याने नेली तर आपले त्याच्याकडे जाते,’ असे त्यांनी उत्तर दिले. त्यात काय खोटे होते? आम्ही दादरचे नाव काढले. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “नाना, दादर पेरायला माझी ना नाही. पण पाखरांची राखण कोण करील, कापणीला माणूस कुठून आणू, आणि मुख्य म्हणजे ती घेईल कोण? तुम्ही सुरतेत गव्हाची पोळी खाता आणि मला ज्वारी पेरायला सांगता.”

या वाक्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. एम.ए.ची पदवी आणि मुख्याध्यापकाची खुर्ची दोन्ही त्या ओसरीवर निरुपयोगी झाली.

अखेर असे ठरले. नवी नळी घ्यावयाची नाही. केळी तीन एकरांवरून दोन एकरांवर आणावयाची आणि ती सर्व ठिबकवर ठेवावयाची. जुन्या नळीचे पाणी तेवढ्यास पुरेल असा बंधूंचा अंदाज. उरलेल्या एकरात पावसाळ्यात उडीद-मूग आणि त्यामागे दादर. आणि ती दादर विकत घेण्याची जबाबदारी आमची. सही आम्ही केली, पण ती नळीच्या नव्हे, ठिबकच्या कर्जावर.

सुरतेस परतल्यावर आम्ही आमच्या सोसायटीत आणि शाळेच्या पालकांत शब्द टाकला. प्रथम लोक हसले. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, ज्वारी-बाजरीस ‘श्रीअन्न’ हे नाव मिळाले, दुकानांत ज्वारीची बिस्किटे चकचकीत वेष्टनांत आली. पण पोतेभर ज्वारी घरात आणावयाची म्हणताच प्रत्येकाची अडचण निघाली. दळून कोण देईल? थापील कोण? मुले खातील का? त्या अडचणी खऱ्याच होत्या. तरी पण अकरा कुटुंबांनी होकार दिला. फेब्रुवारीत कापणी-मळणी झाली आणि पाच क्विंटल दादर गावाहून टेंपोने आली. कडबा बंधूंनी गावातच विकला. त्याचे पैसे त्यांच्या अपेक्षेहून बरे आले. केळीइतकी प्राप्ती झाली नाही, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो. परंतु या उन्हाळ्यात त्यांची नळी आटली नाही, आणि नव्या नळीचे कर्ज डोक्यावर नव्हते.

इकडे सुरतेत निराळीच गंमत झाली. तरुण सुनांना भाकरी थापता येईना. तेव्हा आमच्या घरून निरोप गेले, आणि सोसायटीतील दोन आजीबाई, ज्यांना कित्येक वर्षांत कोणी काही विचारले नव्हते, त्या एकदम गुरूच्या आसनावर बसल्या. पीठ उकळत्या पाण्यात कसे भिजवावे, तळहाताने किती मळावे, तव्यावर पाण्याचा हात केव्हा फिरवावा, याचे वर्ग दर शनिवारी भरू लागले. डब्यांत कडुनिंबाचा पाला घालून ज्वारी टिकवण्याची रीतही त्यांनीच सांगितली. एका घरी कीड लागून दहा किलो दाणा वाया गेला, तेव्हा तो पाला विसरला होता, असा निर्णय त्यांनी जाहीर केला!

शेवटी दोन शब्द

शास्त्रज्ञ सांगतात की, जगात माणूस जे गोडे पाणी उपसतो त्यांतील सुमारे सत्तर टक्के शेतीस लागते, आणि वातावरण तापवणाऱ्या वायूंपैकी सुमारे एक-तृतीयांश भाग अन्न पिकवणे, वाहून नेणे, शिजवणे आणि टाकून देणे या साखळीतून येतो. हे आकडे वाचून सामान्य गृहस्थ गोंधळतो आणि ‘आपल्या हाती काय आहे?’ असे म्हणून वर्तमानपत्र बाजूला ठेवतो. आपल्या हाती ताट आहे. ताटात काय वाढले जाते, त्यावर शेतात काय पेरले जाते हे अवलंबून असते; आमच्या चुलतबंधूंनी आम्हांस शिकवला तो धडा हाच. शेतकऱ्यास ‘पाणी वाचव’ असे सांगण्याचा अधिकार, कमी पाण्याचे धान्य विकत घेणाऱ्यासच आहे.

आम्ही उसाचे वैरी नाही. संक्रांतीस तिळगूळ लागतो आणि चंदी पडव्यास घारीही लागते. पण आपल्याकडे वडीलधारे सांगत आले आहेत की, ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये. येथे आपण मूळ खाण्याच्याही पुढे गेलो. ज्या मातीत ते मूळ रुजते ती मातीच खाऊ लागलो आहोत.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी पुष्कळांचे गावाकडे अद्याप शेत आहे. सात-बाऱ्यावर नाव आहे, आणि वर्षातून एकदा सही करण्यापुरता संबंध आहे. त्यांस आमची विनंती इतकीच, की पुढच्या वेळी सही करण्यापूर्वी तेथे काय पेरले जाते आणि पाणी कोठून येते, हे एकदा विचारावे; आणि जे पेरावे असे आपणांस वाटते, त्यातले दोन पोती आपण विकत घेऊ असे सांगावे. ज्यांचे शेत नाही त्यांनी आठवड्यातून दोन दिवस आपल्या प्रांतीच्या भाकरीचे ठेवावेत. इंदूरकरांस मका जवळचा असेल, तंजावरकरांस नाचणी. धान्य कोणतेही असो, ते त्या मातीस आणि त्या पावसास झेपणारे असावे.

हा लेख लिहीत असताना गावाहून पत्र आले आहे. यंदा दादर दीड एकर पेरली असून ती पोटरीत आली आहे. शेजारच्या शेतातही अर्धा एकर दिसते, असे बंधू लिहितात. त्यांनी विचारले आहे की यंदा सुरतेत किती कुटुंबे घेतील. आम्ही सतरा कळवली आहेत. हुरड्यास येताना सातवीची ती मुलगी आणि तिच्या वर्गातील चार मुले यांस बरोबर आणावे, असेही त्यांनी लिहिले आहे. जानेवारीतील एका रविवारी भुसावळच्या गाडीने आम्ही निघणार आहोत.